मान आणि धन

दरवर्षी मार्चचा पहिला आठवडा आला की गावोगावच्या सभागृहांतून कर्तृत्ववान स्त्रियांच्या सत्कारांची धांदल उडते. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, चार गौरवपर भाषणे आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छायाचित्र, असा त्याचा क्रम आता ठरून गेला आहे. अलीकडे या सत्कारमूर्तींमध्ये एका नव्या वर्गाची भर पडलेली दिसते. जुनी वाणे जपणारी शेतकरी स्त्री, रानातील कंदमुळे व औषधी ओळखणारी आदिवासी आजी, वनखात्याच्या गणवेशात जंगल तुडविणारी तरुणी, लग्नातली शेकडो गाणी मुखोद्गत असणारी गायिका यांना व्यासपीठावर मानाने बोलावले जाते. ही भर स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु टाळ्यांचा कडकडाट थांबल्यावर जो प्रश्न उरतो तो विचारण्याचे आपण बहुधा टाळतो. या कामाचे वेतन कोण देणार, हा तो प्रश्न होय.

निसर्गाचे रक्षण आणि कथांचे जतन ही दोन्ही कामे आपल्या समाजात स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. ती घरकामाचा भाग म्हणून केली आणि म्हणून विनामूल्य केली. याच कामांना पुढे व्यवसायाचे रूप आले, त्यांत पद, पैसा आणि प्रतिष्ठा आली, तेव्हा मात्र त्यांतील मोठा वाटा इतरांच्या पदरी पडला. या क्रमाचा विचार केल्यावाचून नुसते गौरव करीत राहणे म्हणजे उधारी फेडण्याऐवजी धनकोची स्तुती करण्यासारखे आहे.

न मोजलेले काम

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे एक जुने उदाहरण ठाऊक असते. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर तिचे काम तेच राहते, पण तिचा पगार थांबतो आणि तेवढ्याने राष्ट्रीय उत्पन्न घटते. वर्गात हे उदाहरण विनोद म्हणून सांगितले जाते, पण त्यातील आशय गंभीर आहे. ज्या कामाला दाम नाही ते काम हिशेबात नाही, आणि जे हिशेबात नाही त्याची धोरणात दखल नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या काळ-विनियोगाच्या पाहणीत असे आढळले की, घरातील विनावेतन कामात भाग घेणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालविते, तर पुरुष ९७ मिनिटे. या २९९ मिनिटांत स्वयंपाक आणि झाडलोट आहे हे कोणालाही समजते. त्याच कष्टांबरोबर एक ज्ञानही जोपासले जाते, हे सहसा लक्षात येत नाही.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडचा डोंगराळ पट्टा या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शेणवा, किन्हवली, डोळखांब या परिसरात आणि त्याभोवतीच्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांची वस्ती आहे. तानसा आणि भातसा हे मुंबईची तहान भागविणारे जलाशय याच तालुक्यात. तानसा धरण तर १८९२ पासून महानगराला पाणी देत आले आहे. त्या जलाशयांच्या काठी उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या स्त्रिया हे येथील परिचित दृश्य. या स्त्रियांकडे जे ज्ञान आहे ते कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात सहजासहजी सापडावयाचे नाही. पावसाच्या तोंडावर रानात उगवणारे शेवळ घशाला खाजते आणि काकडाचे फळ घालून शिजविल्यावाचून ते खाण्याजोगे होत नाही. कडू कंद किती वेळ उकडावा, किती पाण्यांतून काढावा, याचा हिशेब चुकला तर जिवावर बेतते. करटुलीचा वेल कंदासकट उपटला तर पुढच्या पावसात तेथे काही उगवणार नाही. मोहाची फुले वेचावयाची, बियांचे तेल काढावयाचे, पण झाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाही. हे सारे नियम संरक्षणाचेच नियम आहेत. ते शिकविणारी आई वा आजी ही या शास्त्राची अध्यापिका आहे, फक्त तिच्या नावापुढे पदवी नाही आणि महिनाअखेरीस तिला पगार नाही. बाजारात ती या भाजीचे वाटे मांडून बसते, तेव्हा गिऱ्हाईक वाट्याची किंमत करते. ती भाजी पुढल्या वर्षीही उगवावी म्हणून तिने काय सोडून दिले, त्याची किंमत कोणीच करीत नाही.

सह्याद्रीच्या धारेपलीकडे, अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी हेच ज्ञान वेगळ्या मार्गाने जगासमोर आणले. शाळेची पायरीही न चढलेल्या या महादेव कोळी समाजातील शेतकरी स्त्रीने भाताची, वालाची, घेवड्याची व इतर पिकांची गावठी वाणे जमविली, राखली आणि इतरांना वाटली. २०२० च्या पद्म पुरस्कारांच्या यादीत त्यांचे नाव झळकले आणि 'बीजमाता' ही त्यांची ओळख घरोघरी पोहोचली. त्यांचे कर्तृत्व वादातीत आहे. मात्र त्यापासून घ्यावयाचा धडा केवळ जिद्दीचा नाही. 'बायफ'सारखी संस्था पाठीशी उभी राहिली, बियाण्यांची बँक उभारली गेली, बियाणे संवर्धन समिती स्थापन झाली, तेव्हा घरच्या कणगीतले ज्ञान सार्वजनिक कार्य झाले. जिद्द अनेकींपाशी असते, पण संस्थेचा आधार एखादीच्याच वाट्याला येतो. एका राहीबाईंना पद्मश्री देऊन शेजारच्या शंभर गावांतील शंभर बायांना तसेच ठेवणे, हे धोरण म्हणता येणार नाही.

कथा हेही राखणीचे साधन

निसर्गरक्षणाचा आणि कथनाचा संबंध काय, अशी शंका कोणी काढील. तिचे उत्तर शहापूर-मुरबाडच्याच मुलखात मिळते. २००९ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढण्यात आला आणि गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा अडकवून त्याला माळशेज घाटात सोडण्यात आले. या बिबट्याला 'आजोबा' हे नाव वन्यजीव-संशोधक विद्या अत्रेय यांनी दिले. तो साऱ्यांच्या तर्काबाहेर चालत राहिला. घाट उतरून कसाऱ्याच्या रेल्वे स्थानकाजवळून, महामार्ग ओलांडून, वसईची खाडी पार करून तो सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास करीत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. अत्रेय यांच्या संशोधनाने दोन गोष्टी पुढे आणल्या. बिबटे केवळ अभयारण्यांत नाहीत, ते आपल्या उसाच्या फडांत आणि गावांच्या शिवारात राहतात, ही एक. पकडून दूर नेऊन सोडल्याने हल्ले थांबत नाहीत, जुन्नर भागात तर ते वाढले, ही दुसरी. २०१४ मध्ये या प्रवासावर आधारलेला 'आजोबा' हा मराठी चित्रपट सुजय डहाके यांनी काढला आणि त्यात संशोधिकेची भूमिका ऊर्मिला मातोंडकर यांनी केली. एका प्राण्याची वाट लाखो प्रेक्षकांना समजली असेल, तर ती शास्त्रीय नियतकालिकातील निबंधामुळे नव्हे, एका गोष्टीमुळे.

अर्थात ही गोष्ट चित्रपटाच्या कितीतरी आधी या भागात सांगितली जात होती. वारली व इतर समाजांत वाघोबा हा देव आहे. रम्या नायर, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबई उपनगर, पालघर व ठाणे जिल्ह्यांतील वाघोबाच्या सुमारे दीडशे स्थानांची नोंद आहे. वाघोबा कसा जन्मला, त्याचे व माणसाचे नाते काय, वर्षातून एकदा त्याला नैवेद्य का द्यावयाचा, याच्या कथा मुलांच्या कानी पडत आल्या. गुरे गेली तर दुःख व्हावे, पण सूड उगवावासा वाटू नये, ही मनोवृत्ती अशा कथांनी घडविली. याचा अर्थ कथेने सारे प्रश्न सुटतात असा नाही. पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांत अलीकडे बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत आणि तेथील माय-बापांना केवळ देवकथा सांगणे क्रूरपणाचे ठरेल. पण पिंजरा, भरपाई आणि गस्त यांच्या जोडीला माणसाचे मनही तयार असावे लागते. ते तयार करण्याचे काम घराघरांत ज्यांनी केले, त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

व्यवसाय झाला आणि वारस बदलले

आता या दोन्ही कामांना दाम मिळू लागतो तेव्हा काय घडते ते पाहू. वारली चित्रकला ही मुळात सवाष्ण स्त्रियांची कला. लग्नघरी गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहावयाचा, त्यात पालघट देवीची स्थापना करावयाची, हा मान त्यांचा होता. विवाहात गाणी गाऊन विधी चालविणारी धवलेरी हीही स्त्रीच. मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपण जिचा गौरव करतो त्या तेराव्या शतकातील महदंबेच्या रचनेचे नावही 'धवळे' आहे, म्हणजे लग्नगीते. तेव्हा ही परंपरा किती मागे जाते ते सांगावयास नको. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकारांच्या प्रयत्नांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली आणि जगभर गेली. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांच्या प्रतिभेने तिला मोठी उंची दिली. २०११ मध्ये त्यांना मिळालेली पद्मश्री सर्वथा योग्यच होती. त्यांच्या थोरवीला बाध न आणता एक वस्तुस्थिती मात्र नोंदविली पाहिजे. चित्र भिंतीवर होते तोवर ते स्त्रियांचे होते. ते बाजारात आले तेव्हा विकणारे, प्रदर्शनांना जाणारे, परदेशी निमंत्रणे स्वीकारणारे हात बहुतांशी पुरुषांचे झाले. कारण उघड आहे. प्रवासाला सवड, व्यवहाराची भाषा, बँकेतले खाते, घराबाहेर राहण्याची मुभा ही व्यवसायाची भांडवले होत आणि ती स्त्रीपाशी नव्हती.

वनसेवेचे चित्रही फारसे निराळे नाही. महाराष्ट्राने १९९४ च्या महिला धोरणानुसार शासकीय सेवेत स्त्रियांना तीस टक्के आरक्षण दिले आणि त्यामुळे वनरक्षक म्हणून अनेक तरुणी या खात्यात आल्या. ही मोठी सुधारणा होती. परंतु भरती करणे आणि सांभाळणे यांत अंतर असते. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातील हरिसालच्या वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली आणि मागे ठेवलेल्या पत्रात वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची तक्रार केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामी पायी फिरत असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. दोन्ही घटनांची कारणे भिन्न आहेत आणि त्यांची सरमिसळ करणे योग्य नव्हे. पण गणवेशातील स्त्रीचा गौरव करणाऱ्या समाजाने तिच्या नाक्यावर राहण्याजोगी खोली, स्वच्छतागृह, गस्तीला पुरेशी सोबत आणि तक्रार निर्भयपणे ऐकणारी समिती आहे की नाही, हे आधी विचारले पाहिजे.

केनियाचा धडा

हा प्रश्न एकट्या महाराष्ट्राचा नाही. त्याचे उत्तर शोधण्याचा एक लक्षणीय प्रयत्न आफ्रिकेत झाला. केनियातील वांगारी माथाई यांनी ५ जून १९७७ रोजी नैरोबीच्या एका उद्यानात सात झाडे लावून हरितपट्टा चळवळीचा आरंभ केला. खेड्यातील बाया सरपणासाठी आणि पाण्यासाठी मैलोगणती चालत होत्या, त्यांनाच रोपवाटिका चालविण्याचे काम या चळवळीने दिले. झाडे लावण्यासाठी पदविका लागते, असे तेथील वनाधिकाऱ्यांचे म्हणणे होते. माथाईंनी ते मानले नाही. स्वतः त्या डॉक्टरेट मिळविलेल्या प्राध्यापिका होत्या, तरी बाया शेतात बी पेरतात त्याच शहाणपणाने रोपे वाढवतील, यावर त्यांनी भिस्त ठेवली. मुख्य म्हणजे जगलेल्या प्रत्येक रोपामागे त्या बाईला थोडी का होईना, रोख रक्कम मिळत असे. लावलेल्या रोपामागे नव्हे, जगलेल्या रोपामागे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. २००४ मध्ये माथाईंना शांततेचे नोबेल मिळाले तोवर चळवळीने सुमारे ३ कोटी झाडे लावली होती. त्यांच्या आत्मचरित्रात बालपणीची एक आठवण आहे. अंजिराच्या वर्गातील एका मोठ्या वृक्षाच्या काटक्या वेचावयाच्या नाहीत, तो देवाचा वृक्ष आहे, असे आईने त्यांना बजावले होते. त्या वृक्षाच्या मुळांनी माती व पाणी धरून ठेवले होते, हे शास्त्र त्यांना नंतर उमगले. आपल्या देवरायांची कहाणी याहून वेगळी नाही.

त्याच केनियातील पॉला काहुंबू या हत्तींच्या अभ्यासिका पुढच्या पिढीच्या. आफ्रिकेतील वन्यजीवांवरील चित्रपट परदेशी लोक परदेशी प्रेक्षकांसाठी काढतात आणि ज्यांच्या शेतात हत्ती शिरतो त्यांना त्यांत स्थान नसते, हे ओळखून त्यांनी २०१९ मध्ये आपल्याच लोकांसाठी दूरचित्रवाणी मालिका सुरू केली आणि तीत तेथील संरक्षकांना पडद्यावर आणले. म्हणजे एकीने राखणीला मोबदला दिला, दुसरीने गोष्ट सांगण्याचा अधिकार घरी आणला. या दोन्ही गोष्टी एकमेकींवाचून अपुऱ्या आहेत.

योगायोग असा की, ज्या १९७७ साली माथाईंनी आपले काम आरंभिले त्याच साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला. स्त्रीला पुरुषाइतकी मजुरी तिच्या हातात पडावी, ही त्याची मोठी देणगी. पण त्या योजनेने डोंगरातल्या बाईला खडी फोडण्याचे, माती वाहण्याचे दाम दिले. तिच्या रानाविषयीच्या जाणतेपणाला दाम असू शकतो, ही कल्पना त्या कायद्याला सुचली नाही. पुढेही जेथे शासनाने स्त्रीच्या कौशल्याचा उपयोग केला, मग ती १९७५ पासूनची अंगणवाडी असो वा २००५ पासूनची 'आशा', तेथे वेतन हा शब्द कटाक्षाने टाळून 'मानधन' हा शब्द योजला. या जोडशब्दात मान पुढे आणि धन मागे, हा क्रम केवळ व्याकरणाचा राहिलेला नाही.

काय करता येईल

यासाठी नवे कायदे हवेतच असे नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून २००४ च्या नियमांनी तीत किमान एकतृतीयांश स्त्रिया नेमण्यास सांगितले. या समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. ही नोंदवही बाहेरच्या सल्लागाराने कार्यालयात बसून पुरी करण्याची वस्तू नव्हे. शेणवा काय किंवा मुरबाडमधील एखादा पाडा काय, तेथील जाणत्या स्त्रियांना माहीतगार म्हणून नेमावे, दिवसाच्या हिशेबाने त्यांना मजुरी द्यावी आणि नोंदीपुढे त्यांचे नाव लिहावे. गावातील शिकलेली मुलगी लेखनिक आणि तिची आजी माहीतगार, अशी जोडी झाली तर दोघींनाही काम मिळेल आणि ज्ञानाचा वारसाही घरातच राहील.

दुसरे, २००६ च्या वनहक्क कायद्याने विवाहितांच्या वनजमिनीचा दावा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदविण्यास सांगितले आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांत व्यवस्थापन समितीच्या खात्यावर सह्या करण्याचा अधिकार स्त्रियांनाही असावा. बीना अग्रवाल यांनी गुजरात व नेपाळमधील वनसमित्यांचा अभ्यास करून दाखविले आहे की, समितीत स्त्रियांचे प्रमाण पाव ते एकतृतीयांश झाले की निर्णयांत आणि वनाच्या प्रकृतीत फरक पडू लागतो. एकटीदुकटी स्त्री सभेत गप्प बसते, चौघी असल्या की बोलू लागतात, हे कोणत्याही शिक्षकाला पटेल.

तिसरे, आश्रमशाळांत आठवड्यातून एक तास धवलेरीला, कथा सांगणाऱ्या आजीला तासिकेच्या दराने बोलवावे. वृद्ध साहित्यिक-कलावंतांसाठीच्या शासकीय योजनेत त्यांचा समावेश करताना छापील निमंत्रणपत्रिका वा प्रमाणपत्रे न मागता ग्रामसभेचा ठराव पुरेसा मानावा. ज्या कलेचे सारे अस्तित्व कंठात आहे तिचा पुरावा कागदावर मागणे न्याय्य नाही. आणि कोणी ध्वनिमुद्रण करील, चित्रे छापील, माहितीपट काढील, त्याने संमती घ्यावी, नाव द्यावे आणि उत्पन्नातला वाटा द्यावा.

यावर दोन आक्षेप येतील. पैसा आला की श्रद्धा व निष्ठा जाईल, हा पहिला. पगार घेऊन शिकविणाऱ्या शिक्षकाची निष्ठा त्यामुळे कमी होते असे आपण म्हणत नाही, मग हा निकष फक्त रानातल्या बाईलाच का लावावा? पैसा कोठून आणावयाचा, हा दुसरा. वनजमीन प्रकल्पांना देताना जमा होणाऱ्या भरपाई-वनीकरण निधीतून ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने २७ राज्यांना ४७ हजार कोटींहून अधिक रुपये वितरित केले. तेव्हा प्रश्न पैसा नसल्याचा नाही, तो कोणाच्या हाती पडतो याचा आहे. शिवाय ज्या महानगराचे पाणी शहापूरच्या डोंगरांतून येते त्याने त्या डोंगरांची राखण करणाऱ्यांना काही द्यावे, ही मागणी दानाची नसून साध्या देण्याघेण्याची आहे.

तात्पर्य, सत्कार बंद करावेत असे कोणी म्हणणार नाही. मान हा माणसाला हवाच असतो आणि ज्यांना तो शतकानुशतके नाकारला गेला त्यांना तर अधिकच. पण पुढील मार्चमध्ये एखाद्या पाड्यावरील आजीच्या खांद्यावर शाल घालताना आयोजकांनी तिच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता नोंदवही एकदा मागवून पाहावी. तीत त्या आजीचे नाव आहे का आणि त्या नावापुढे दिवसाच्या मजुरीची नोंद आहे का, एवढेच तपासावे. नसेल, तर त्याच सभेत ग्रामपंचायतीकडे तशी लेखी मागणी करावी. शाल तिला त्या दिवशी मिळेलच, मजुरी मात्र मागितल्यावाचून मिळणार नाही.